टायरखालचं गवत

डोळे मिटा आणि एक चित्र समोर आणा बघू. हिरव्या गवतावर तुम्ही एक जुना टायर आडवा टाकलात आणि विसरलात. बारा दिवसांनी उचललात. खाली काय दिसेल? पिवळं, निस्तेज, जमिनीला चिकटलेलं गवत. बरोबर. उन्हावाचून गवताचा रंग जातो, हे पाचवीतल्या राहीलाही ठाऊक होतं. आता डोळे उघडा आणि तिच्या शेजारी उभे राहा.

सकाळचे नऊ वाजले होते. रत्नागिरीहून आरे-वारेकडे जाणाऱ्या रस्त्यावर, उतार संपतो तिथल्या वळणावर पाच माणसं उभी होती. चार दिवसांपूर्वी हा रस्ता बंद करून त्यावर मोटारसायकलींची शर्यत झाली होती आणि याच वळणावर राहीचा आतेभाऊ रितेश आंब्याच्या बागेच्या गडग्यावर आदळला होता. गडगा म्हणजे जांभ्या चिऱ्यांचं कुंपण. दोन चिरे निखळले होते. रितेश कोल्हापूरच्या इस्पितळात होता. कमरेखाली त्याला काही कळत नव्हतं.

गडग्यापुढे आता टायरांच्या थप्प्या होत्या, तीन-तीनाच्या, तांबड्या-पांढऱ्या रंगवलेल्या.

मुंबईहून तपासणीला आलेल्या साहेबांनी हातातला नकाशा उलगडला. "वळणाच्या बाहेरच्या बाजूला टायर. नकाशात आहेत, जागेवरही आहेत." त्यांनी एका थप्पीवर थाप मारली, मोबाइलवर फोटो काढला. "कधी लावले होते?"

"शर्यतीच्या आठ दिवस आधी," शर्यत भरवणाऱ्या क्लबचा सेक्रेटरी यज्ञेश म्हणाला. "आज बारा दिवस झाले. हा आमचा टेम्पोवाला राजेंद्र, यानंच लावले. विचारा त्यालाच."

राजेंद्र म्हणजे राहीचे बाबा. क्लबचं वर्षभराचं काम त्यांच्या टेम्पोला मिळणार होतं.

"होय साहेब. आठ दिवस आधी." बाबा टेम्पोच्या चाकाकडे बघून बोलले.

राहीनं बाबांकडे पाहिलं. आज सहालाच त्यांनी तिला उठवलं होतं. "चल बाय, जरा हात लाव टेम्पोत. मग शाळेत सोडतो." पाहुण्यांच्या मांडवापुढचे टायर उचलून इथं आणायचे होते. मांडव सरळ रस्त्याला लागून होता. तिथं गाडी घसरायचं काही कारण नव्हतं, पण फोटोत टायर शोभत होते. उचलल्यावर मांडवापुढच्या गवतात पिवळी वर्तुळं राहिली होती, एकाशेजारी एक, भाकऱ्या थापून ठेवल्यासारखी. इथं मात्र बागेच्या पाण्यानं गवत तजेलदार होतं, वर दव होतं. कडेच्या थप्पीचा खालचा टायर राहीनंच सरळ केला होता.

रितेशची आई, दर्शना, सहीसाठी कोल्हापूरहून एसटीनं आली होती. चार दिवसांची तीच साडी अंगावर.

"टायर होते, तर माझा पोरगा चिऱ्यावर कसा गेला?" तिनं विचारलं.

"काकी, टायरांवरनं उडून गेला तो," यज्ञेश म्हणाला. "इतका वेग! आजकालच्या पोरांना मोटारसायकल पुरत नाही, विमान हवं." आपल्याच बोलण्यावर तो थोडा हसला.

"त्याला विचारलात काय?"

"तो आता काय सांगणार, काकी?"

दर्शना भावाकडे वळली. "दादा, तू सांग. तू होतास ना शर्यतीला?"

"होते गो टायर," राजेंद्र म्हणाला. "नशीब त्याचं. दुसरं काय."

ती भावाकडे बघत राहिली. तो टेम्पोच्या चाकाकडे.

साहेब लिहिता लिहिता मोठ्यानं वाचत होते. "मार्गाची आखणी निर्दोष. वळणावर संरक्षक टायर होते. अपघात चालकाच्या अतिवेगामुळे." त्यांनी कागद पुढे केला. "इथं सही करा, बाई. मला दुपारची गाडी गाठायचीय."

कागद ठेवायला जागा नव्हती. दर्शनानं तो कडेच्या थप्पीवर ठेवला आणि पेन उघडलं.

राहीनं पाठीवरचं दप्तर उतरवून रस्त्यावर ठेवलं. थप्पीजवळ जाऊन तिनं आत्येच्या हाताखालचा कागद उचलला आणि तिच्याच हातात दिला.

"आत्ये, हा धर जरा."

"राही!" बाबा ओरडले. "गप उभी ऱ्हा तिकडं."

राहीनं वरचा टायर ढकलला. तो धप्पकन पडला आणि डुगडुगत निजला. मग दुसरा. तिसरा, तिनंच सरळ केलेला, जड होता. ती गुडघ्यांवर बसली, दोन्ही हातांची बोटं टायरखाली घातली आणि दात आवळून तो उभा केला.

खालचं गवत हिरवं होतं. नुसतं वाकलेलं. दव अजून तसंच होतं. एकदोन पाती हळूहळू सरळ होत होती.

दर्शना गवताकडे बघत होती, मग भावाकडे, मग पुन्हा गवताकडे. बाबांनी मान वर केली नाही.

"पोरखेळ," यज्ञेश म्हणाला. "चला साहेब, बाकीची वळणं राहिलीत."

साहेबांनी एकदा खाली पाहिलं. मग घड्याळाकडे पाहिलं आणि नकाशाची घडी घालू लागले.

राहीनं हात फ्रॉकला पुसले आणि ती पुढच्या थप्पीकडे गेली.