नीळ

मेकॅनिकल सोडून आपण नर्सिंगला गेलोय, हे संघर्षने फक्त आईला सांगितलं होतं. पप्पांना सांगायचा धीर होईना. पंचवटीत रिक्षा चालवताना ते बसेल त्या पॅसेंजरला ऐकवायचे, "पोरगं इंजिनिअर होतंय!" म्हणून तो घरून रंगीत शर्टात निघायचा आणि कॉलेजात पांढरा युनिफॉर्म चढवायचा. शनिवारी मळलेला युनिफॉर्म पलंगाखालच्या बॅगेत सारला की सोमवारी धुऊन, घडी घालून तयार असायचा. आईच ती!

आज वॉर्डात सिस्टरांनी सगळ्यांसमोर त्याला उभं केलं. "युनिफॉर्म असावा तर असा. नुसता चकचकीत!"

हरखून तो घरी आला आणि स्वयंपाकघरात जाऊन हळूच म्हणाला, "आई, तुझ्या धुण्याचं आज काय कौतुक झालं!"

"माझ्या? मला वाटलं, तूच धुतोस."

दोघांनी एकदमच मागे वळून पाहिलं. मोरीत पप्पा विहारात घालायचा आपला पांढरा सदरा निळीत बुचकळत होते. मान वर न करताच म्हणाले,

"आणि ते पेन खिशात ठेवू नको रे. शाईचा डाग निळीनंसुद्धा जात नाही."