यॉर्गसाठी तलवार

“झळाळणारी नको. काम करणारी हवी, आणि माझ्या ऐपतीतली,” ओटिलिया म्हणाली.

एबर्लिन लोहाराने मान वर करून पाहिले. पाण्याने पांढरे पडलेले हात. कपडे धुणारी बाई असावी. असे गिऱ्हाईक त्याच्या दुकानात आजवर आले नव्हते. डॅन्यूबवरचे धुके उंबरा ओलांडून आत शिरले होते आणि भिंतीवर टांगलेली पाती त्यात माशांसारखी चमकून पुन्हा नाहीशी होत होती.

कोणासाठी, असे त्याने विचारले. भेट द्यायची आहे, ती म्हणाली. नदीच्या खालच्या अंगाला तिचे गाव. तिथे यॉर्ग नावाचा एक मुलगा होता, बावीस वर्षांचा, लाजाळू. वडील गेले आणि त्यांची नगराची चाकरी त्याच्याकडे आली. उद्या कामाचा पहिला दिवस. घरात वडिलांची तलवार होती, पण तिच्या धारेला दाते पडले होते. ऐन वेळी तिने वडिलांना दगा दिला होता. मुलाला तरी शस्त्राने दगा देऊ नये, एवढीच ओटिलियाची इच्छा होती.

“तुमचाच मुलगा का?”

“माझ्या मुलाच्या वयाचा. लहानपणी दोघं एकाच पाण्यात डुंबायचे.”

“मग होणारा जावई असेल,” एबर्लिन हसला. “जावयासाठीच बायका एवढ्या लांब येतात.”

तीही थोडीशी हसली.

त्याने आधी सोनेरी मुठीची तलवार काढली. तिने धारेवर अंगठा आडवा टेकवला आणि ती परत केली. मग त्याने एक निमुळती दाखवली, चिलखताच्या फटीत सहज शिरणारी. टोकाशी त्याला काम नाही, असे ती म्हणाली.

“चोराला भोसकायचंच नाही? तुमच्या गावचे पहारेकरी काय ओवाळतात की काय त्याला?”

यावर तिने शांतपणे सांगितले, की मूठ दोन्ही हातांत मावेल अशी हवी आणि वजन पुढे हवे. पोराचे हात कापतात. “एकदा उचलली की दुसऱ्यांदा उचलावी लागू नये, उस्ताद.”

एबर्लिनने थोडा विचार केला. मग भात्यामागे पडलेली एक रुंद तलवार ओढून काढली आणि बाहीने पुसली. टोक मोडल्यामुळे ते गोल घासून टाकलेले होते. अशी तलवार कोणी घेत नाही, म्हणून स्वस्त, पण पाते पासाऊच्या नामांकित लोहारांचे होते. त्यांची खूण असलेला पितळी तारेचा लहानसा लांडगा त्यावर अजून धावत होता. त्याने पाते गुडघ्यावर टेकवून वाकवले. सोडताच ते पुन्हा सरळ झाले आणि बराच वेळ गुणगुणत राहिले.

ओटिलियाने टोपलीतून एक ओली चादर काढली. ती घट्ट गुंडाळली, दोन्ही हातांनी वेढून पाहिली, एक घडी उलगडली. डोळे मिटून पुन्हा वेढून पाहिली. आणखी अर्धी घडी चढवली.

“एवढं मोजमाप? सदरा बेतताय का?” एबर्लिनने विचारले.

तिने ती गुंडाळी एका बुटक्या खांबाच्या माथ्यावर उभी बांधली आणि बाजूला झाली. त्याने दोन्ही हातांनी वार केला. वरचा तुकडा घसरून राखेत पडला, आवाजही झाला नाही. झोपेतून उठल्यावर आपण कुठे आहोत ते माणसाला कळत नाही, तशी ती त्या तुकड्याकडे पाहत राहिली. मग तिने होकारार्थी मान डोलावली.

मोलापोटी तिने लग्नातला चांदीचा पट्टा काढून दिला. एबर्लिनने तो हातावर तोलला आणि त्यातला निम्मा तोडून तिला परत केला. वर नवी धारही लावून दिली. शस्त्र भेट दिले की प्रेम तुटते, मुलाकडून बदल्यात एखादे नाणे घ्या, असेही त्याने बजावले.

“आमच्यात तुटण्यासारखं काही राहिलेलं नाही,” ती म्हणाली.

परतीची नाव धुक्यातून आपली आपण चालल्यासारखी वाहत होती. काठ दिसत नव्हता, नुसत्या बदकांचा आवाज येत होता. तलवार उरलेल्या चादरीत गुंडाळून ओटिलियाने मांडीवर आडवी घेतली होती आणि नकळत ती गुडघे हलवत होती. नावाडी म्हणाला, “बाळाला गार वाजेल हो.” तिने चादर आणखी नीट खोचली.

यॉर्गचे घर वेशीबाहेर एकटेच होते. त्याने दार उघडले आणि सवयीप्रमाणे दोन पावले मागे सरला. कोणाला त्याचा स्पर्श चालत नसे. ओटिलिया सरळ आत गेली आणि तलवार तिने त्याच्या हातांत ठेवली.

“काकू, मला वाटलं तुम्ही शिव्याशाप द्यायला आलात,” तो पुटपुटला.

ती त्याच्या मागे उभी राहिली. खांद्याचा जोर लावू नकोस, असे तिने समजावले. भिजलेली जड चादर उचलून आपटतो ना, तसे कमरेतून वळायचे. चादर आपोआप येते. त्याची कंबर धरून तिने त्याला वळवले. चुकला तर न रागावता पुन्हा वळवले. लहान मुलाला चालायला शिकवावे तसे. पाते हवेतून जाताना बारीक गुणगुणत होते. हळूहळू त्याच्या हातांचा कंप थांबला.

मग तिने त्याच्या कपाळावरचे केस मागे सारले.

“फासाऐवजी तलवार मिळावी म्हणून नगरसभेच्या पायऱ्या झिजवल्या मी. उद्या माझा लेक लिएनहार्ट तुझ्यापुढे गुडघे टेकेल, तेव्हा त्याच्या तोंडाकडे बघू नकोस, बाळा. फक्त मानेकडे बघ.”