झऱ्याची नाडी

नर्सची खोड सुट्टीतही जात नाही. आईच्या हट्टापायी ती डोंगरातल्या झऱ्यावर आली, आणि खडकातून उसळणारं पाणी बघताच तिचे डोळे आपोआप घड्याळाकडे गेले. चार उसळ्या, पाचवी गाळलेली. पुन्हा चार, पाचवी गाळलेली.

सकाळीच तिनं आईची नाडी बघितली होती. तीही पाचवा ठोका गाळत होती.

ओंजळभर पाणी पिऊन आई सरळ झाली, तसं लेकीनं तिचं मनगट धरलं. झरा आणि नाडी, दोन्ही एकाच तालात चालली होती.

"मोजू नकोस गं," आई हळूच म्हणाली. "त्याला कळतं."

झरा थांबला. बोटांखालची नाडीही थांबली.

ओल्या ओठांनी आई हसली. "बघ, कसा कान देऊन ऐकतोय!"