साडीच्या खोक्याचं झाकण

"अरे, फोडशील ह्यांचा ट्रक!" आई ओट्यावरून ओरडली.

अण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या ट्रकचं इंजिन मी व्हिडिओ बघून खोलत होतो. चौदा बोल्ट काढले, पहार लावली, घाम गाळला. पण हेड, म्हणजे इंजिनाचं वरचं जड झाकण, जागचं हलेना. अण्णा गेल्यापासून ट्रक अंगणातच उभा होता. आज इंजिन उघडलं नाही तर उद्या भंगारवाल्याला बोलावतो, असं काकांनी सांगून टाकलं होतं.

"चिकटलंय ते. सोड नाद," काका खुर्चीतून म्हणाले.

आई आत गेली आणि साडीच्या खोक्याचं तेलकट झाकण घेऊन आली. हेडवर बोल्ट जसे असतात, तशीच त्याला भोकं पाडलेली होती. अण्णा बोल्ट काढला की त्याच्या जागेच्या भोकात खोचायचे, म्हणजे बसवताना अदलाबदल होत नाही. ते झाकण धरून आई तासन्‌तास उन्हात त्यांच्याशी गप्पा मारत उभी असायची. हे मी साफ विसरलो होतो.

मी चौदाही बोल्ट आपापल्या जागी खोचले. एक भोक उरलं.

इंजिनावर त्या जागचा काळा थर खरवडला, तर खाली बोल्ट! तो काढला आणि पहारेने हेड आरामात उचललं गेलं. काका खुर्चीतून उठून बघायला आले.

पंधरावा बोल्ट खोचताना भोकाशेजारचं अण्णांचं पेन्सिलीतलं अक्षर दिसलं. 'हा दरवेळी राहतो.'

आईने वाचलं आणि डोळे पुसत हसली.

"मला मात्र सांगायचे, हेड चिकटलंय म्हणून!"