फिलिपिनी सुनांचा मेळावा

दोन लांब बांबू एकमेकांवर आपटत होते आणि मधल्या जागेत मारिसेलचे अनवाणी पाय नाचत होते. बांबू उघडले की आत, मिटायच्या आधी बाहेर. टोकांशी बसलेल्या बायकांनी वेग वाढवला. हॉलमधल्या बाकीच्या स्पीकरवरच्या गाण्याला टाळ्यांचा ठेका देत ओरडत होत्या.

हा मेळावा वर्षातून एकदा भरायचा. आखातात नोकरी करताना विदर्भातल्या पुरुषांशी लग्न करून इकडे आलेल्या फिलिपिनी बायका त्यात जमायच्या, नवरे-पोरांसकट. यंदा तो चंद्रपूरला, रोविनाच्या गावी होता. तिचा नवरा मुश्ताक बिछायत केंद्र चालवायचा, लग्नकार्यांना गाद्या-खुर्च्या भाड्यानं द्यायचा. हॉल त्यानंच मिळवला, बांबूही त्यानंच आणले.

मारिसेल नागभीडहून आली होती. नवऱ्यानं, राजदीपनं, जायचं नाही म्हणून बजावलं होतं. तो कामावर गेल्यावर सासूनंच तिला गाडीत बसवून आणलं. "मी संग आहो ना," मनकर्णाबाई म्हणाल्या होत्या. आता त्या तीन वर्षांच्या नातीला, रश्मीला, मांडीवर घेऊन भिंतीशी बसल्या होत्या आणि सुनेच्या पायांकडे बघत हसत होत्या.

घर रिकामं दिसल्यावर मागोमाग निघालेला राजदीप दारातून आत आला तेव्हा मारिसेलची पाठ त्याच्याकडे होती. तो सरळ बांबूंपर्यंत चालत गेला आणि त्यानं मागून तिची वेणी ओढली.

तिचा तोल गेला. त्याच क्षणी बांबू मिटले आणि घोटा मधे सापडला. तिची किंकाळी गाण्याच्या वर ऐकू आली. कोणीतरी गाणं बंद केलं.

"नाचून राह्यली? गावाले पाय दाखवून राह्यली?"

त्यानं तिला वेणीला धरूनच उभं केलं आणि तोंडात मारली. मग उलट्या हातानं आणखी एक. नाकातून रक्त आलं, पांढऱ्या झग्याच्या फुगीर बाह्यांवर उडालं.

"राजदीपभाऊ, सोडा तिले," म्हणत मुश्ताक मधे पडला. राजदीपनं त्याच्या पोटात लाथ घातली. मुश्ताक खुर्च्यांवर कोसळला. एका बाईनं राजदीपचा हात धरला, त्यानं तिला भिंतीवर आदळलं. पोरं रडायला लागली. राजदीप प्यायलेला नव्हता. आपण काय करतोय ते त्याला नीट कळत होतं.

"चला घरी," मारिसेल म्हणाली. मराठी ती सासूकडूनच शिकली होती. "मी येतो. पोरीपुढं नका मारू."

त्यानं पुन्हा मारलं, पोरीपुढंच. मग तिला ओढत तो भिंतीपाशी आला.

"आई, पोरीले उचल अन् निघ. तुह्याशी मी घरी बोलतो."

मनकर्णाबाई उठल्या. रश्मीला त्यांनी रोविनाच्या कडेवर दिलं. वाकून जमिनीवरचा एक बांबू उचलला आणि मधोमध घट्ट धरला.

राजदीपनं ते पाहिलं. त्याचा चेहरा थोडा सैल झाला. आईला सोपं जावं म्हणून त्यानं वेणी पिळून मारिसेलची पाठ तिच्याकडे केली.

"दे," तो म्हणाला. "तूच दे हिले दोन."

फटका त्याच्या नडगीवर बसला.

त्याला काही कळायच्या आत दुसरा बसला, तिथंच. हाड मोडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. वेणी सुटली. तो खाली पडला, "आई" म्हणून ओरडला, आणि मनकर्णाबाईंनी तिसरा हाणला, बरगडीवर. मग खांद्यावर. धानाच्या पेंढ्या झोडपाव्यात तशा त्या मारत होत्या. त्यानं डोकं हातांनी झाकलं तर बांबू हातांवर आला. एक बोट वाकडं झालं. मघापर्यंत राजदीपला घाबरलेल्या बायका आता मनकर्णाबाईंपासून मागे सरकल्या.

पुढे आली ती मारिसेलच. लंगडत आली आणि तिनं सासूला मागून दोन्ही हातांनी आवळलं.

"बस, आई. मरन तो. बस."

मनकर्णाबाईंचे हात थांबले. बांबू खाली पडून घरंगळत गेला. त्या मुलाशेजारी बसल्या, त्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि पदरानं त्याच्या तोंडावरचा घाम पुसला.

"मुश्ताकभाऊ, गाडी काढा," त्या म्हणाल्या. "दवाखान्यात कोनं मारलं विचारतीन, तं मी सांगतो."

बिछायतीच्या टेम्पोत गाद्या टाकून चौघांनी राजदीपला त्यांवर निजवलं. मनकर्णाबाई त्याच्या पायाशी बसल्या. मारिसेल एका हातानं नाक दाबत, रश्मीला कडेवर घेऊन बाहेर आली आणि चढायला म्हणून तिनं टेम्पोचा दांडा धरला.

"तू येऊ नको," मनकर्णाबाई म्हणाल्या.

"मंग घरी कधी येऊ?"

"घरी पन येऊ नको. रोविनाजवळ राह्य. तुमचे कपडे मी धाडून देतो."

मारिसेलनं दांडा सोडला नाही. मनकर्णाबाईंनी तिची बोटं एकेक करून सोडवली. रश्मीनं आजीकडे हात पसरले. मनकर्णाबाईंनी तिकडे पाहिलंच नाही.

टेम्पो निघाला. फाटकाबाहेरचा रस्ता नळासाठी खणून ठेवलेला होता. पहिल्या खड्ड्याआधीच मनकर्णाबाईंनी मुलाचा मोडलेला पाय दोन्ही तळव्यांवर अलगद उचलला आणि गाडी वळणाआड जाईपर्यंत तसाच अधांतरी धरून ठेवला.