उजव्या टोकापासून

शाहिदचा फोन यायला दहा मिनिटं उरली होती आणि रोशनबीचा शेवटचा भाग अजून संपला नव्हता. शिलाई मशीनच्या पाटावर मोबाईल टेकवून, डोळे बारीक करून ती बघत होती. पिकोला आलेल्या चार साड्या बाजूला तशाच पडल्या होत्या. पडू देत. आज तिची घाई वेगळीच होती.

पडद्यावर डोंगराएवढा लोखंडी माणूस उभा होता. त्याच्या छातीत एक खोली, आणि तिथं बसून त्याला चालवायचं काम पंधरा-सोळा वर्षांच्या एका पोराकडं. कार्टून जपानी, बोली हिंदी. पन्नाशीतल्या बाईनं इंदापुरात बसून असलं काही बघावं, याचं तिचं तिलाच हसू येई. पण शाहिद दहावीपासून याच पोरापायी वेडा होता, आणि आता तो स्वतः सोमेश्वरनगरकडं ऊसतोडणीच्या अजस्र यंत्रावर ऑपरेटर झाला होता. रोज दीडला यंत्र थांबलं की तो फोन करी. "जेवलास?" "व्हय, सगळ्यांसंगं." "बरा हायेस?" "बराय. ठेवतो." संपलं. यंत्रावर गेल्यापासून त्याच्या तोंडून याहून जास्त काही निघालं नव्हतं. रोशनबीला मात्र पोराशी बोलायचं होतं, पोटभर बोलायचं होतं. त्याच्या आवडीचं काही विचारलं तर तरी बोलेल, म्हणून आठ दिवस तिचा हा खटाटोप चालला होता.

शेजारच्या वृषालीनं सव्वीसच्या सव्वीस भाग मोबाईलवर काढून दिले होते. चित्रांची एक आडवी ओळ. रोशनबीला वाचता येई ते फक्त कुराण, लहानपणी मशिदीतल्या मक्तबात शिकलेलं, आणि ते वाचायचं उजवीकडून. तिनं ओळ बोटानं सरकवत सरकवत उजव्या टोकाला नेली आणि तिथून सुरुवात केली.

पोरगं तिला आधी अजिबात आवडलं नव्हतं. कुणाशी बोलणं नाही, कुणासाठी थांबणं नाही. गुमान यंत्रात चढायचं आणि शत्रूचा चुराडा करून यायचं. मग ते हळूहळू सुधारत गेलं. मित्रांशी भांडायला लागलं. रडायला लागलं. 'मी यंत्रात बसलो तरच लोक मला विचारतात,' असं एकदा म्हणालं, तेव्हा रोशनबीनं पिको अर्ध्यात सोडून डोळे पुसले होते. आणि आज, शेवटच्या भागात, ते अंगणात उभं राहून म्हणालं, मला भीती वाटते, मला नाही बसायचं. आईनं त्याला जवळ ओढलं. रोशनबीच्या जिवाला बरं वाटलं. आलं एकदाचं ताळ्यावर.

फोन वाजला.

"जेवलास?" सवयीनं तिच्या तोंडून तेच गेलं.

"व्हय, सगळ्यांसंगं."

"थांब, ठिवू नगंस. तुजं ते लोखंडी माणसाचं कार्टून बघितलं मी. सगळं."

"तू?" म्हणत शाहिद हसला. हे हसू तिनं किती महिन्यांनी ऐकलं.

"लई चांगलं हाय. सुरवातीला नुसता दगड, आन् शेवटाला किती शहाणं झालं पोरगं. भ्या वाटतं म्हून सरळ आईला सांगितलं त्यानं."

"अम्मी, तो शेवट न्हाय. तो पहिला भाग हाय. उलटं बघितलंस तू!" त्याचं हसू थांबेना. "आधी ते भितं, मग शिकतं, आन् शेवटाला एकटं लढतं. कुणाची गरज लागत न्हाय त्याला. म्हून तर ते मोठं."

रोशनबी ओशाळली. आठ दिवसांची मेहनत पाण्यात, वर हसं झालं ते वेगळंच. पण तो शेवट काही केल्या तिच्या गळी उतरेना.

"असंल बाबा," ती म्हणाली. "पर शेवटाला त्याच्याशी बोलतंय कोण?"

शाहिदचं हसणं थांबलं.

"कुणीच न्हाय," तो म्हणाला. "हितं बी कुणी बोलत न्हाय, अम्मी. मशीन आलं की तोडकऱ्यांच्या हातचं काम जातं. मी जवळनं गेलो की बाया पोरास्नी झोपडीत घेत्यात. पाणी मागायची बी लाज वाटती."

"मग जेवतोस कुणासंगं?"

"केबिनमधी."

"एकटा?"

हेच ऐकायला ती आठ दिवस झटली होती. घरी ये, असं अगदी ओठावर आलं. पण हंगाम संपायला अजून दोन महिने होते आणि तो येणार नाही, हे तिलाही कळत होतं.

"आज डबा उघडलास का?" तिनं विचारलं.

"न्हाय अजून."

"मी बी बसले न्हाय. फोन चालू ऱ्हाऊ दे. बोललंच पायजे असं न्हाय."

तिनं स्पीकर लावला. साड्या आणखी बाजूला सारल्या, ताटात भाकरी आणि मेथीची भाजी वाढून घेतली, मोबाईल तांब्याला टेकवला आणि त्याच्यासमोर मांडी घातली. पहिला घास मोडून तिनं हातातच धरून ठेवला. बराच वेळ फोनमधून नुसता वारा ऐकू येत होता. मग पलीकडं डब्याचं झाकण निघाल्याचा आवाज आला, तेव्हा तिनं तो घास तोंडात घातला.