श्पीरिंगबाईंची जीभ

“गोड,” श्पीरिंगबाई म्हणाल्या आणि त्यांनी काचेची कांडी आल्टहाउसच्या हातात परत दिली.

आल्टहाउसने वहीत ‘गोड’ लिहिलं. चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही. आज शनिवार. आजही कडू निघालं नाही, म्हणजे सोमवारपासून हे टेबल दुसऱ्याचं आणि त्याची रवानगी ऱ्हाइनकाठच्या रंगाच्या कारखान्यात. प्राध्यापकांनी तसं स्वच्छ सांगितलं होतं.

रेशीम काय, अंड्याचा पांढरा बलक काय, सगळ्या बारीक कड्यांच्या साखळ्याच, असं बर्लिनची ही प्रयोगशाळा छातीठोकपणे सांगत होती. हाताने गुंफलेल्या तशा साखळीला ‘पेप्टाइड’ हे नावही नुकतंच पडलं होतं. आल्टहाउसने निवडलेल्या कड्या सुट्या असताना गोड लागत. जुळल्या की त्या कडू लागणार, ही त्याची अटकळ. पण वर्षानुवर्षं वाफा हुंगून त्याची स्वतःची जीभ कामातून गेली होती. दुपारच्या सूपात मीठ आहे की नाही, तेही त्याला कळत नसे. सहकाऱ्यांना विचारावं, तर ते त्याचं तोंड बघून उत्तर देणार. म्हणून त्याने बाटल्या धुणाऱ्या बाईंना गाठलं, आणि आपल्याला काय हवंय ते त्यांना मुद्दामच सांगितलं नाही. शिवाय बाई एक नंबरच्या फटकळ. ‘सिगारची राख माझ्या मोरीत नको,’ असं त्यांनी खुद्द प्राध्यापकांना सुनावलं होतं. अशी बाई खोटं कशाला बोलेल?

त्याने टेबल आवरायला घेतलं. पाच महिन्यांची ती चिमूटभर पांढरी भुकटी मोरीकडे नेताना त्याला रडू यायचंच काय ते बाकी होतं.

“अहो, हे काय? टाकून देताय?” बाई आडव्या आल्या.

“जमलं नाही, बाई. कडू व्हायला हवं होतं.”

“कडू? मुद्दाम?”

“मुद्दाम.”

बाईंनी त्याच्या हातातली बशी काढून घेतली. ती जपून परत टेबलावर ठेवली.

“पहिल्या आठवड्यात साखर होती, अगदी खरं सांगते,” त्या म्हणाल्या. “पण ईस्टरपासून नुसतं कडूजहर. रोज मागे जाऊन चूळ भरते मी. तुम्ही आपले जीव तोडून काहीतरी गोडधोड करताय आणि ते बिघडलंय, हे कोणत्या तोंडाने सांगणार होते, डॉक्टर?”